हिशेबाच्या कार्यालयात महिना आवाक्यात ठेवण्याच्या सवयी

कर आणि हिशेबाचे काम करणाऱ्या लहान कार्यालयाचा महिना तारखांनी बांधलेला असतो. आधीच्या महिन्यात कापलेला टीडीएस, म्हणजे पगार किंवा बिलाचे पैसे देताना कापून घेतलेला कर, ७ तारखेपर्यंत भरायचा, ११ तारखेपर्यंत जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीचे विवरणपत्र, दाखल करायचे, १५ तारखेपर्यंत भविष्य निर्वाह निधी आणि ईएसआयचे (कर्मचारी राज्य विम्याचे) पैसे भरायचे, २० तारखेपर्यंत जीएसटीआर-३बी, म्हणजे महिन्याचा कर भरण्याचे सारांश विवरणपत्र. शिवाय जून, सप्टेंबर, डिसेंबर आणि मार्च या महिन्यांच्या १५ तारखेला अग्रिम कराचा हप्ता. यांतली एकही तारीख अचानक उगवत नाही. तरीही १९ आणि २० तारखेला रात्री उशिरापर्यंत दिवे चालू असलेली कार्यालये प्रत्येक तालुक्याच्या गावी आढळतात आणि तेथे बसलेली माणसे आळशी असतात असे मुळीच नाही. काम फार आहे, माणसे कमी आहेत, हे कारण काही ठिकाणी खरे असते. परंतु बहुतेक ठिकाणी अडचण वेगळी असते: जे काम ६ तारखेला निवांतपणे झाले असते, ते ६ तारखेला कोणाच्या डोळ्यांसमोरच नव्हते. त्या दिवशी समोर होते ते फोनवर आलेले संदेश, दारात उभा असलेला क्लायंट आणि काल अर्धवट राहिलेली फाइल. पुढे दिलेल्या सवयींचा हेतू एवढाच आहे, की योग्य दिवशी योग्य काम समोर यावे आणि ते पुरे होईपर्यंत समोर राहावे. करसल्लागार, अकाउंटंट, त्यांच्याकडे काम शिकणारी मुले-मुली आणि दुकानाचा हिशेब स्वतः पाहणारे व्यापारी यांना डोळ्यांपुढे ठेवून हे लिहिले आहे. तारखांवर चालणाऱ्या इतर कामांतही त्यातले बरेचसे उपयोगी पडेल.

संध्याकाळची वीस मिनिटे

एकच सवय लावायची असेल तर ही लावावी. कार्यालय बंद करण्याच्या वीस मिनिटे आधी नवे काम घेणे थांबवावे आणि तो वेळ दिवस मिटवण्यासाठी ठेवावा. आधी टेबलावर सुटे पडलेले कागद, दिवसभरात आलेले ईमेल आणि व्हॉट्सॲपवर आलेली बिले यांवरून एकदा नजर फिरवावी. ज्याची जागा ठरलेली आहे ते त्या जागी ठेवावे आणि ज्यावर काही करायचे आहे त्याची एका ओळीत वहीत नोंद करावी. त्यानंतर अर्धवट राहिलेल्या प्रत्येक कामासमोर दोन गोष्टी लिहाव्यात: आपण कोठे थांबलो आणि पुढची पायरी कोणती. बँकेच्या उताऱ्याची जुळवणी १८ तारखेच्या नोंदीपर्यंत आली आहे आणि एका धनादेशाचा तपशील क्लायंटकडून यायचा आहे, एवढे लिहिलेले असले, तर दुसऱ्या दिवशी ती फाइल पहिल्या पानापासून पुन्हा चाळावी लागत नाही. ज्यांनी हे काम केले आहे त्यांना ठाऊक असेल, की जुळवणीत खरा वेळ बेरजा-वजाबाक्यांत जात नाही. आपण कोठे होतो हे आठवण्यात जातो.

शेवटी उद्याची तीन कामे लिहावीत. तीनच, कारण दिवसाचा उरलेला भाग तसाही इतरांच्या मागणीवर खर्च होणार असतो आणि बारा कामांची यादी संध्याकाळी दहा कामे शिल्लक ठेवून आपल्याला हिणवत बसते. काम लिहिण्याची पद्धत मात्र महत्त्वाची आहे. ‘कापड दुकानाचे जीएसटी’ असे लिहिले, तर सकाळी त्याचा अर्थ लावण्यापासून सुरुवात करावी लागते. ‘कापड दुकानाच्या खरेदीतील जी बिले २बीमध्ये दिसत नाहीत त्यांची यादी करून दुकानदाराला पाठवणे’ असे लिहिले, तर खुर्चीत बसताच हात कामाला लागतो. (२बी म्हणजे विकणाऱ्यांनी भरलेल्या विवरणपत्रांवरून जीएसटीच्या पोर्टलवर, म्हणजे सरकारी संकेतस्थळावर, आपोआप तयार होणारा खरेदीचा तक्ता.) अमेरिकेतील बेलर विद्यापीठात मायकल स्कलिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात ५७ तरुणांपैकी निम्म्यांना झोपण्यापूर्वी पाच मिनिटे पुढील कामांची यादी लिहायला सांगितली होती आणि उरलेल्यांना झालेल्या कामांची. पुढील कामे लिहिणारे सरासरी सुमारे नऊ मिनिटे लवकर झोपी गेले आणि ज्यांची यादी अधिक तपशीलवार होती त्यांना झोप अधिक लवकर लागली. प्रयोग लहान होता, त्यामुळे त्यावर फार मोठी इमारत उभारू नये. परंतु हंगामाच्या दिवसांत रात्री दोन वाजता चलानाचा आकडा आठवून जागे होणाऱ्यांना त्यातले तथ्य पटायला हरकत नाही.

ही नोंद कशात करावी, यावर बराच खल होतो. माझ्या मते पुठ्ठ्याच्या बांधणीची, दर दिवसाला एक पान अशी साधी वही सर्वांत चांगली. मोबाइलमधील ॲप वाईट नसते, पण ते उघडण्यासाठी मोबाइल हातात घ्यावा लागतो आणि मोबाइल हातात घेतल्यावर ॲपच उघडले जाईल याची खात्री कोणी देऊ शकत नाही. भिंतीवरच्या पांढऱ्या फळ्याबद्दलही असेच म्हणता येईल: पहिल्या आठवड्यात सगळे त्याच्याकडे पाहतात, नंतर तो भिंतीचाच भाग होऊन जातो.

स्वतःची तारीख कायद्याच्या तारखेच्या अलीकडे

कायद्याने दिलेली तारीख ही काम पुरे करण्याची तारीख नसून त्यानंतर दंड सुरू होतो ती तारीख आहे, असे समजून महिना आखावा. जीएसटीआर-३बी उशिरा भरल्यास कर देय असेल तर दररोज ५० रुपये आणि शून्य विवरणपत्र असेल तर दररोज २० रुपये विलंब शुल्क लागते, आणि थकलेल्या करावर वार्षिक १८ टक्के दराने व्याज. टीडीएसची गोष्ट अधिक बोचणारी आहे. कापलेली रक्कम वेळेत न भरल्यास कापल्याच्या तारखेपासून दरमहा दीड टक्का व्याज आकारले जाते आणि महिन्याचा काही भाग हा पूर्ण महिना धरला जातो. त्यामुळे मागच्या महिन्यात कापलेली रक्कम ७ ऐवजी ८ तारखेला भरली, तर एका दिवसाच्या उशिरासाठी दोन महिन्यांचे, म्हणजे तीन टक्के व्याज भरावे लागते. क्लायंटला हे व्याज कळते तेव्हा तो रकमेपेक्षा कार्यालयावरच अधिक नाराज होतो, आणि त्याचे बरोबर असते.

म्हणून दर महिन्याच्या पहिल्या कामाच्या दिवशी अर्धा तास काढून वहीत त्या महिन्याच्या स्वतःच्या तारखा लिहाव्यात. टीडीएससाठी ५, जीएसटीआर-१ साठी ८, निधी आणि ईएसआयसाठी १२, ३बीसाठी १७ या तारखा बहुतेक कार्यालयांना पेलवतील. उलाढाल ५ कोटींपर्यंत असलेले आणि तिमाही योजनेत गेलेले व्यापारी असतील तर त्यांची यादी वेगळी ठेवावी; त्यांचे जीएसटीआर-१ तिमाहीनंतरच्या १३ तारखेला आणि महाराष्ट्र व गोव्यातील ३बी २२ तारखेला देय असते, आणि तिमाहीच्या पहिल्या दोन महिन्यांचा कर पुढच्या महिन्याच्या २५ तारखेपर्यंत चलानाने भरायचा असतो. मार्चमध्ये कापलेल्या टीडीएससाठी ३० एप्रिलपर्यंत मुदत मिळते. असे अपवाद डोक्यात ठेवण्याऐवजी कागदावर ठेवावेत.

नुसती तारीख अलीकडे घेऊन मात्र भागत नाही, कारण काम आपल्या एकट्याच्या हातात नसते. २० तारखेच्या ३बीचे उदाहरण घेऊ. खरेदीवरील कराची वजावट किती मिळणार हे १४ तारखेला तयार होणाऱ्या २बीवर अवलंबून असते. २बीमध्ये बिल दिसायचे असेल तर विकणाऱ्याने आपले जीएसटीआर-१ ११ तारखेपर्यंत भरलेले हवे. त्याने ते बिल त्यात दाखवले आहे की नाही हे विचारायचे असेल तर आपल्याजवळ खरेदीची सर्व बिले त्याच्या पुष्कळ आधी आलेली हवीत. उलट दिशेने मोजत गेल्यावर स्पष्ट होते, की २० तारखेच्या विवरणपत्राची खरी मुदत ५ तारीख आहे आणि ती आपली नसून क्लायंटची आहे. जे कार्यालय १५ तारखेला बिले मागते, त्याला २बीमध्ये नसलेली बिले सापडतात खरी, पण ती पुढच्या महिन्यात ढकलण्यावाचून दुसरा मार्ग उरलेला नसतो, आणि क्लायंटला त्या महिन्यात ती रक्कम खिशातून भरावी लागते.

तेव्हा प्रत्येक क्लायंटला दर महिन्याच्या १ तारखेला बिलांची आठवण करणारा संदेश जावा, ४ तारखेला ज्यांची बिले आली नाहीत त्यांची यादी करावी आणि ५ तारखेला फक्त त्यांनाच फोन करावा. सुरुवातीला दोन-तीन महिने लोक ऐकणार नाहीत. त्यांना चिडून काही सांगण्यापेक्षा, मागच्या महिन्यात बिल उशिरा आल्यामुळे किती रुपयांची वजावट पुढे गेली हा आकडा सांगावा. व्यापाऱ्याला आकड्याची भाषा लगेच समजते.

मुदतवाढीच्या बातम्यांवर विसंबून काम पुढे ढकलण्याची सवय असेल तर ती मोडावी. मुदत वाढते तेव्हा सरकार अधिसूचना काढते आणि ती खात्याच्या संकेतस्थळावर असते. गटागटांतून फिरणारा ‘तारीख वाढली’ हा संदेश बहुधा मागच्या वर्षीचा असतो. मुदत खरोखरच वाढली, तर वाढीव दिवस राहिलेल्या फाइलींना मिळावेत. पहिली फाइल उघडण्यासाठी त्यांची वाट पाहू नये.

सकाळचे पहिले दीड तास

कार्यालयात येताच सर्वांत अवघड काम हाती घ्यावे, हा सल्ला नवा नाही; पण हिशेबाच्या कामात त्यामागे एक व्यावहारिक कारणही आहे. क्लायंटचे फोन साधारणपणे दुकाने उघडून स्थिरावल्यावर, म्हणजे अकराच्या सुमारास सुरू होतात. त्याआधीचा वेळ हा दिवसातला एकमेव असा तुकडा असतो, की जो कोणी मागत नाही. तो संदेश वाचण्यात घालवला, तर जुळवणी, वर्षअखेरीचा ताळेबंद किंवा नोटिशीचे उत्तर यांसारखे सलग विचार मागणारे काम दुपारच्या वर्दळीत करावे लागते. ज्याला एकटक लक्ष लागते असे एकच काम या वेळेत घ्यावे, ते आदल्या संध्याकाळी लिहिलेल्या तीनांपैकी पहिले असावे, आणि ते संपेपर्यंत किंवा दीड तास होईपर्यंत संदेश उघडू नयेत.

एका कामातून दुसऱ्यात उडी मारण्याची किंमत किती असते, हे आपल्याला सहसा जाणवत नाही. सोफी लरॉय या संशोधिकेने २००९ मध्ये दाखवले, की पहिले काम अपुरे सोडून दुसऱ्याकडे वळल्यावर लक्षाचा काही अंश पहिल्या कामातच अडकून राहतो आणि दुसऱ्या कामाची गुणवत्ता घसरते. बिलांची नोंद करताना मध्येच चलान काढून दिले आणि परत आलो, की एक बिल दोनदा चढते किंवा एक सुटते. हिशेब न जुळण्याचे कारण शोधण्यात मग संध्याकाळ जाते. याच कारणाने सारखी कामे एकत्र करावीत. चार क्लायंटचे बँक उतारे एका बैठकीत चढवावेत, सर्वांची टीडीएस चलाने एका बैठकीत काढावीत आणि फोन एकामागोमाग एक करावेत. एका क्लायंटची सगळी कामे संपवून मग दुसऱ्याकडे जावे ही पद्धत ऐकायला नीटनेटकी वाटते. पण तिच्यात दर वीस मिनिटांनी पोर्टल, सॉफ्टवेअर आणि विचार, तिन्ही बदलावे लागतात.

सोमवारच्या सकाळी मात्र या दीड तासातली पंधरा-वीस मिनिटे पोर्टल तपासण्यासाठी राखून ठेवावीत. नोटिसा आता टपालाने येतीलच असे नाही. त्या पोर्टलवर चढतात आणि ईमेल जातो तो अनेकदा क्लायंटने नोंदणीच्या वेळी दिलेल्या, आज कोणीही न उघडणाऱ्या पत्त्यावर. प्रत्येक क्लायंटच्या खात्यात जाऊन नोटिसा आणि आदेशांचे सर्व कप्पे उघडून पाहावेत. क्लायंट जास्त असतील तर चार गट करून दर सोमवारी एक गट पाहावा, म्हणजे महिन्यात सगळे होतात. उत्तरासाठी ३० दिवस असलेली नोटीस चौथ्या दिवशी सापडणे आणि सत्ताविसाव्या दिवशी सापडणे यांत कामाचा जो फरक पडतो, तो इतर कोणत्याही सवयीने भरून निघत नाही.

व्हॉट्सॲप, फोन आणि ओटीपी

व्हॉट्सॲपशिवाय हे काम आता चालत नाही, हे मान्य करूनच नियम करावा. दिवसातून तीन वेळा ठरवाव्यात, उदाहरणार्थ साडेअकरा, अडीच आणि साडेपाच. त्या वेळी सर्व संदेश पाहावेत, उत्तरे द्यावीत आणि आलेले कागद लगेच संगणकावर उतरवून घ्यावेत. मधल्या वेळेत सूचनांचा आवाज बंद असावा आणि मोबाइल खणात असावा. ज्याला खरोखर तातडी आहे तो फोन करतो. क्लायंटना या वेळा सांगून टाकाव्यात. कोणी नाराज होईल ही भीती बहुधा फोल ठरते, कारण लोकांना लगेच उत्तर हवे असते त्यापेक्षा उत्तर केव्हा येणार हे ठाऊक असणे हवे असते.

कागद उतरवून घेताना फाइलला नाव देण्याची एकच पद्धत सर्वांनी पाळावी. आधी वर्ष, मग महिना, मग क्लायंटचे ठरलेले संक्षिप्त नाव आणि शेवटी कागदाचा प्रकार अशा क्रमाने नावे दिली, की संगणकातील यादी आपोआप तारखेच्या क्रमाने लागते आणि तीन वर्षांपूर्वीचा बँक उतारा शोधायला फारसे कष्ट पडत नाहीत. ‘स्कॅन नवीन शेवटचे २’ अशा नावाच्या फाइली ज्या कार्यालयात आहेत, तेथे दिवसाचा किती वेळ शोधण्यात जातो हे कोणी मोजत नाही, इतकेच.

ओटीपी हा या व्यवसायातला वेळ खाणारा स्वतंत्र प्रकार आहे. विवरणपत्र तयार असते, सर्व आकडे तपासलेले असतात, आणि ओटीपी ज्याच्या मोबाइलवर जातो तो मालक लग्नात, प्रवासात किंवा बँकेत असतो. ओटीपीची मुदत संपते, पुन्हा मागवावा लागतो, आणि तोपर्यंत आपण दुसरे काम अर्धवट हातात घेतलेले असते. यावर उपाय साधा आहे. दाखल करायची विवरणपत्रे एका दिवशी एकत्र करावीत, आदल्या दिवशी प्रत्येकाला वेळ ठरवून द्यावी, ‘उद्या चार ते सव्वाचारच्या दरम्यान ओटीपी येईल, फोन जवळ ठेवा’ असे सांगावे, आणि त्याच वेळी भरायच्या कराचा आकडा कळवून त्याची संमती लेखी संदेशाने घ्यावी. ओटीपी गटात टाकायला सांगू नये आणि कशासाठी मागत आहोत हे सांगितल्याशिवाय मागू नये. जो क्लायंट न विचारता कोणालाही ओटीपी देऊन टाकतो, त्याला हीच सवय एखाद्या दिवशी महागात पडणार असते, आणि तिला खतपाणी घालण्यात आपला वाटा नसावा.

वेळेचा अंदाज आणि तपासणी

आपल्या कामाला किती वेळ लागतो, हे आपल्याला वाटते त्यापेक्षा फार कमी माहीत असते. रॉजर ब्यूलर, डेल ग्रिफिन आणि मायकेल रॉस यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात प्रबंध लिहिणाऱ्या ३७ विद्यार्थ्यांना तो केव्हा पुरा होईल असे विचारले होते. त्यांचा अंदाज सरासरी सुमारे ३४ दिवसांचा होता, प्रत्यक्षात सुमारे ५५ दिवस लागले. आधीच्या अनुभवातून शिकावे, तर माणूस या वेळचे काम नेहमीपेक्षा वेगळे, अधिक सोपे आहे असे धरून चालतो. यावर उपाय म्हणजे आठवण बाजूला ठेवून नोंद वापरणे. दोन आठवडे प्रत्येक मोठ्या कामासमोर सुरू केल्याची आणि संपल्याची वेळ वहीत लिहावी. एवढ्यानेच हाती काही उपयोगी आकडे येतात: मध्यम किराणा दुकानाची महिन्याची खरेदी चढवायला अमुक वेळ, जुळवणीला अमुक, आणि क्लायंटशी बोलून शंका फेडायला अमुक. हा शेवटचा आकडा बहुतेकांना चकित करतो. पुढे एखाद्या नव्या क्लायंटचे शुल्क ठरवताना हीच पाने कामी येतात. अनेक लहान कार्यालये तोट्यात काम करतात ती दर कमी असल्यामुळे नव्हे, तर एका फाइलला किती तास जातात हे कधीच न लिहिल्यामुळे.

तपासणीसाठी एकच आग्रह धरावा: ज्या बैठकीत काम केले त्याच बैठकीत ते तपासू नये. नुकताच लिहिलेला आकडा डोळा वाचत नाही, मन वाचते. सकाळी तयार केलेले विवरणपत्र दुपारी तपासावे, किंवा कार्यालयात दुसरे कोणी असेल तर त्याच्याकडून तपासून घ्यावे. चुका बहुधा गणिताच्या नसतात, त्या निवडीच्या असतात: चलानात कराचे वर्ष चुकीचे निवडले, केंद्राच्या कराची रक्कम राज्याच्या रकान्यात टाकली, दुसऱ्याच टॅनवर (टीडीएस कापणाऱ्याच्या क्रमांकावर) पैसे भरले. म्हणून प्रत्येक प्रकारच्या चलानासाठी आणि विवरणपत्रासाठी पाच-सहा ओळींची तपासयादी करून ती टेबलाच्या काचेखाली ठेवावी आणि ‘मला पाठ आहे’ असे वाटू लागल्यावरही तिच्यावर बोट ठेवूनच वाचावी. चूक सापडली, तर ती कोणाची हे शोधण्याआधी यादीत कोणती ओळ कमी आहे ते पाहावे.

जेवण, पाणी आणि झोप यांबद्दल फार लिहिण्याचे कारण नाही. डबा संगणकासमोर बसून खाऊ नये. तासाभराने उठून दोन मिनिटे चालावे. आणि रात्री अकरानंतर भरलेले विवरणपत्र दुसऱ्या दिवशी सुधारावे लागण्याची शक्यता लक्षात घेऊन, जे सकाळी सात वाजता करता येईल ते रात्री करू नये. अखेरच्या दिवसांत पोर्टलवर गर्दी होते, तेव्हाही पहाटेची वेळ बरी पडते.

सवय लावताना

वरच्या सर्व गोष्टी एकदम सुरू करू नयेत. तसे करणारे पंधरवड्यात सगळ्याच सोडून देतात. पहिला महिना फक्त संध्याकाळच्या वीस मिनिटांसाठी द्यावा, दुसऱ्यात स्वतःच्या तारखा आणाव्यात आणि मग सकाळच्या वेळेकडे वळावे. सुरुवात हंगामात, म्हणजे जुलै ते ऑक्टोबरच्या धावपळीत करू नये. नवी सवय एखाद्या पक्क्या घटनेला जोडावी. ‘संध्याकाळी वेळ मिळाला की वही लिहीन’ हा संकल्प टिकत नाही. ‘साडेसहाचा चहा आला की वही उघडीन’ हा टिकतो. केव्हा, कोठे आणि कशानंतर हे आधीच ठरवलेले संकल्प अधिक वेळा पार पडतात, हे पीटर गोल्विट्झर यांच्या १९९० च्या दशकापासूनच्या संशोधनात वारंवार दिसले आहे.

सवय किती दिवसांत लागते, याबद्दल २१ दिवसांचा आकडा सर्वत्र सांगितला जातो. त्याला आधार फारसा नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली यांनी ९६ जणांचा १२ आठवडे अभ्यास केला, तेव्हा सवय अंगवळणी पडायला साधारणपणे ६६ दिवस लागतात असे आढळले, आणि माणसामाणसांतला फरक, नोंदींवरून पुढे काढलेल्या अंदाजानुसार, १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत होता. त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट अधिक दिलासा देणारी आहे: एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्याच्या प्रक्रियेत लक्षणीय बाधा आली नाही. त्यामुळे २० तारखेच्या रात्री वही लिहायची राहिली तर २१ ला सकाळी कालचे पान भरत बसू नये. ते कोरे सोडून त्या दिवसाचे पान उघडावे.

कार्यालयात एकाहून अधिक माणसे असतील, तर नियम आधी प्रमुखाने पाळावा. मुलांना मोबाइल खणात ठेवायला सांगून स्वतः दर पाच मिनिटांनी संदेश वाचणारा प्रमुख दुसऱ्या आठवड्यातच हरतो. तसेच, सकाळच्या दीड तासात शिकाऊ सहकाऱ्याला हाक मारून ‘जरा ते चलान काढून दे’ असे सांगणेही थांबवावे. त्याच्या शंका आणि आपल्या सूचना दोन्ही एका कागदावर जमवून साडेअकराला एकत्र बसावे. शनिवारी दुपारी आठवड्याची पाने उलटून पाहावीत. जे काम सलग तीन-चार दिवस ‘उद्या’च्या यादीत जात राहिले आहे, ते बहुधा एक काम नसून तीन-चार कामे असतात, किंवा त्यासाठी लागणारा एखादा कागद आपल्याजवळ नसतो. अशा कामाचे तुकडे करून पहिला तुकडा सोमवारच्या पानावर लिहावा, आणि कागद मागायचा असेल तर तो फोन शनिवारीच करून टाकावा.